निवृत्तीनंतरचा परदेशी वर्ग : इंग्रजीच्या ज्येष्ठ शिक्षकांपुढील वाटा आणि अडथळे
प्रतिनिधी, कळवा

ठाण्याहून खाडीपूल ओलांडला की लागणारे कळवा ही कारखान्यांत, रेल्वेत, पालिकेत आणि शाळांत नोकरी करणाऱ्या कुटुंबांची वस्ती. कळवा, खारेगाव, विटावा, पारसिकनगर या परिसरातील शाळांमधून दर वर्षी काही 'सर' आणि 'बाई' वयाच्या ५८व्या वर्षी शाल-श्रीफळ स्वीकारून घरी परततात. मुले मार्गी लागलेली, प्रकृती ठणठणीत आणि गाठीशी तीस-पस्तीस वर्षांचा अध्यापनाचा अनुभव. अशा वेळी 'परदेशात इंग्रजीचे शिक्षक हवेत' ही जाहिरात नजरेस पडते आणि मन चाळवते. आयुष्यभर जे शिकवले तेच आणखी चार-पाच वर्षे चांगल्या पगारावर शिकवावे, यात वावगे असे काहीच नाही.

इंग्रजीच्या शिक्षकांना परदेशात मागणी आहे, हे खरेच आहे. मात्र ज्येष्ठ भारतीय शिक्षकाची वाट अडते ती बहुधा त्याच्या इंग्रजीपाशी नव्हे; ती अडते जन्मतारखेपाशी, पासपोर्टपाशी आणि कागदपत्रांपाशी. याची माहिती निवृत्तीनंतर झाली तर फारच थोडे करता येते. पन्नाशीतच झाली तर बरेच काही साधते. त्यामुळे या वाटेचा विचार निरोप समारंभाच्या आधी चार-पाच वर्षे सुरू होणे आवश्यक ठरते.

अठ्ठावन्नचा उंबरठा

महाराष्ट्रातील खासगी शाळांतील शिक्षकांची सेवा १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार चालते आणि तीत निवृत्तीचे वय ५८ आहे. केंद्रीय विद्यालयांतील शिक्षक ६०व्या वर्षी निवृत्त होतात. निवृत्त होणाऱ्या सर्वांची स्थिती मात्र सारखी नसते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी अनुदानित शाळेत रुजू झालेल्या शिक्षकास जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन मिळते. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत उभी हयात घालवलेल्या शिक्षिकेच्या वाट्याला बहुधा भविष्यनिर्वाह निधी आणि कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची रक्कम येते. सप्टेंबर २०१४मध्ये या योजनेतील किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये, तर हिशेबासाठी धरायच्या वेतनाची मर्यादा १५ हजार रुपये ठरवण्यात आली. त्यामुळे पगार कितीही असला तरी बहुतेकांच्या हाती येणारी रक्कम काही हजारांतच राहते.

म्हणूनच परदेशी नोकरीचा विचार कोणासाठी हौसेचा असतो, तर कोणासाठी गरजेचा. गरज मोठी असेल तेथे फसवणुकीची शक्यताही मोठी असते. हा विचार करणाऱ्यांनी पहिल्यांदा आपल्या हक्काची रक्कम पदरात पाडून घ्यावी. खासगी शाळांतील शिक्षकांना ग्रॅच्युइटी लागू करणारी दुरुस्ती २००९मध्ये झाली, ती ३ एप्रिल १९९७पासून लागू धरण्यात आली आणि ऑगस्ट २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. तरीही काही शाळा ग्रॅच्युइटीबाबत टाळाटाळ करतात. परदेशी गेल्यावर अशा थकबाकीचा पाठपुरावा करणे अवघड जाते.

जुनी परंपरा, जुने धडे

भारतीय शिक्षकांनी परदेशात जाऊन इंग्रजीतून शिकवणे नवे नाही. सम्राट हेले सेलासी यांच्या राजवटीत इथिओपियाच्या शाळांमध्ये भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने होते. केरळमधील शिक्षकांचे प्रमाण त्यात विशेष होते. १९७४मध्ये तेथे राज्यक्रांती झाली. १९७०च्या दशकात तेलाचा पैसा आल्यावर नायजेरियाने शाळांचा विस्तार केला आणि तेथेही भारतीय शिक्षक गेले. पुढे तेलाचे भाव पडले. १९८६मध्ये नायरा या तेथील चलनाचे मोठे अवमूल्यन झाले आणि रुपयांत मोजल्यावर पगाराची किंमत झपाट्याने घसरली. भूतानने १९६०च्या दशकात आधुनिक शाळा उभारल्या, त्याही भारतीय शिक्षकांच्या साहाय्याने.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. शिक्षकाची परदेशी नोकरी ही त्या देशाच्या गरजेवर आणि तिजोरीवर अवलंबून असते. तरुण शिक्षक तोटा सोसून पुन्हा उभा राहू शकतो. साठीच्या शिक्षकाला तेवढा अवधी नसतो. म्हणून पगाराच्या आकड्याइतकेच तो कोणत्या चलनात मिळणार आणि घरी कसा पाठवता येणार, हेही पाहावे लागते. मालदीवमध्ये २०२५ साली भारतीय कर्मचाऱ्यांनी घरी पाठवायच्या रकमेची मासिक मर्यादा बँकेने मोठ्या प्रमाणात खाली आणली, तेव्हा तेथील शिक्षकांमध्ये अस्वस्थता पसरली होती.

वयाची दारे

प्रत्येक देशाचा वयाबाबतचा नियम वेगळा असतो. कोठे तो कायद्यात लिहिलेला असतो, तर कोठे शाळांच्या पद्धतीत मुरलेला.

चीनने एप्रिल २०१७पासून देशभर लागू केलेल्या परवाना पद्धतीत सर्वसाधारण व्यावसायिकांसाठी ६० हे वय सीमारेषा मानले आहे. दक्षिण कोरियाच्या सरकारी शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याच्या 'एपिक' योजनेत निवृत्तीचे वय ६२ आहे. थायलंडच्या सरकारी सेवेत निवृत्ती ६०व्या वर्षी होते आणि शाळाही तोच आकडा डोळ्यांपुढे ठेवतात. आखाती देशांतही ६० हाच आकडा वर्षानुवर्षे अडसर ठरत आला आहे. ओमानने मात्र जानेवारी २०२२मध्ये साठीपुढील परदेशी कर्मचारी नेमण्यावरील बंदी उठवली. अर्थात कायद्याने दार उघडले तरी शाळा व्यवस्थापन ते उघडेलच असे नाही. स्थानिक नागरिकांना प्राधान्य देण्याचे धोरण आखातात सर्वत्र वाढीस लागले आहे.

कायमच्या स्थलांतराचा मार्ग या वयात जवळपास बंदच असतो. ऑस्ट्रेलियाच्या गुणांकनावर आधारित व्हिसासाठी ४५ वर्षांची, तर न्यूझीलंडच्या कुशल मनुष्यबळ निवासी परवान्यासाठी ५५ वर्षांची मर्यादा आहे. 'शिक्षकांसाठी कॅनडा-ऑस्ट्रेलियाचे कायम वास्तव्य' असे स्वप्न साठीच्या शिक्षकाला दाखवणाऱ्या सल्लागाराकडे म्हणूनच सावधपणे पाहावे.

'मातृभाषक' नावाची भिंत

वयानंतरचा अडथळा पासपोर्टचा. पूर्व आशियातील अनेक देश इंग्रजीचा शिक्षक 'मातृभाषक' असावा, असा आग्रह धरतात. हे मातृभाषकत्व उमेदवाराच्या बोलण्यावरून नव्हे, तर नागरिकत्वावरून ठरते. दक्षिण कोरियात भाषाशिक्षकाचा व्हिसा सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांपुरता मर्यादित आहे. चीनमध्येही भाषाशिक्षकाने आपली मातृभाषा शिकवावी, असे धोरण आहे. एम.ए., बी.एड. आणि तीस वर्षांच्या अनुभवाची भारतीय शिक्षिका नाकारली जाते आणि कोणताही अनुभव नसलेला बाविशीचा पदवीधर स्वीकारला जातो, तो यामुळेच.

या भिंतीला एक खिडकी आहे. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१०पासून अमलात आला. त्यात अध्यापनाची अर्हता असलेल्या भारतीयांना तेथील शाळांत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून जाण्याची तरतूद आहे. जागा थोड्या, अटी कडक आणि ६२चा आकडा येथेही लागू. तरीही पन्नाशीतील शिक्षकाने ही तरतूद ठाऊक करून घ्यावी.

थायलंडमध्ये भारतीय शिक्षक बरेच आहेत. मात्र मातृभाषक नसलेल्या उमेदवाराला इंग्रजीच्या चाचणीतील गुण दाखवावे लागतात आणि 'खुरुसफा' या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट मिळवावी लागते. पर्यटक व्हिसावर बोलावून 'परवाना नंतर काढू' असे सांगणाऱ्या शाळेकडे जाऊ नये. विनापरवाना कामाबद्दल पकडले गेल्यास दंड आणि हकालपट्टी शिक्षकाच्या वाट्याला येते.

ब्रिटनची गोष्ट अधिक बोलकी आहे. इंग्लंडने २०२३मध्ये भारतासह नऊ ठिकाणच्या शिक्षकांना तेथील शिक्षकी अर्हतेसाठी थेट अर्ज करण्याची मुभा दिली. त्या वेळी येथे बरीच चर्चा झाली. ही मुभा गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांसाठी होती. यातील 'भाषा' म्हणजे इंग्रजीखेरीज अन्य भाषा. इंग्रजीच्या भारतीय शिक्षकाला तिचा लाभ नव्हता. बातमीचा मथळा वाचून अर्ज करणाऱ्यांनी अटींचे छोटे अक्षर वाचावे, ते यासाठी.

खरी संधी कोठे?

ज्येष्ठ भारतीय शिक्षकाला त्यातल्या त्यात आपलेसे करणाऱ्या जागा तीन प्रकारच्या आहेत.

पहिली, परदेशातील भारतीय शाळा. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न असलेल्या दोनशेहून अधिक शाळा भारताबाहेर आहेत आणि त्यातील बहुतांश आखातात आहेत. बहारीनमधील भारतीय शाळा १९५०पासून, तर मस्कतची १९७५पासून चालते. अभ्यासक्रम ओळखीचा, पालक भारतीय आणि बी.एड.ला मान, हे या शाळांचे फायदे. तोटा असा, की त्यांचा पगार त्याच शहरातील ब्रिटिश किंवा अमेरिकी शाळांच्या तुलनेत बराच कमी असतो. नोकरीनिमित्त आधीच तेथे राहणाऱ्या भारतीयांच्या पत्नी बी.एड. असतील, तर शाळेला त्यांची नेमणूक स्वस्त पडते. व्हिसा आणि घराचा खर्च वाचतो. मुंबईतून शिक्षक आणण्याची वेळ अनुभवी वर्गशिक्षक, विभागप्रमुख किंवा पर्यवेक्षक हवा असेल तेव्हाच येते. ज्येष्ठ शिक्षकाने म्हणूनच साध्या शिक्षकपदापेक्षा अशा जबाबदारीच्या पदासाठी अर्ज करावा. या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे भरतीची धावपळ त्याआधीच्या हिवाळ्यात होते.

दुसरी, शेजारचे देश. मालदीवच्या शाळांत इंग्रजी माध्यम आहे आणि भारतीय शिक्षकांचे प्रमाण मोठे आहे. राजधानी मालेतील जागा थोड्या. बहुतेक नेमणुका दूरच्या बेटांवर होतात. तेथील आरोग्य केंद्र लहान असते आणि मोठ्या रुग्णालयासाठी बोटीने किंवा विमानाने जावे लागते. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या शिक्षकाने याचा आधी विचार करावा. भूतानसाठी केंद्र सरकारच्या 'एडसिल' या कंपनीने २०२५च्या सुरुवातीस शिक्षकभरती केली. करार दोन वर्षांचा, वेतन दरमहा १ लाख ४० हजार रुपये आणि वयोमर्यादा ५५ अशा अटी होत्या. मात्र विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि संगणक असे होते. इंग्रजीच्या शिक्षकासाठी ती भरती नव्हती. पण सरकारी भरतीत वेतन, करार आणि वयोमर्यादा किती स्पष्ट असतात, याचा तो नमुना आहे. खासगी जाहिरातीची तुलना तिच्याशी करून पाहावी. काठमांडू, मॉस्को आणि तेहरान येथे केंद्रीय विद्यालये आहेत. तेथे मात्र सेवेतील शिक्षकच पाठवले जातात.

तिसरी, आफ्रिकेतील भारतीय समाजाच्या आणि खासगी शाळा. टांझानिया, केनिया, युगांडा येथे भारतीय वंशाच्या लोकांनी चालवलेल्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वयाबाबत काही शाळा लवचिक असतात, मात्र कामाचा परवाना त्या देशाच्या सरकारकडूनच मिळतो आणि त्याची जबाबदारी शाळेने घ्यायची असते.

मुलांकडे जाताना

ठाणे-डोंबिवली पट्ट्यातील अनेक निवृत्त शिक्षकांची मुले अमेरिकेत आहेत. वर्षा-दोन वर्षांतून सहा महिने तेथे जाणे होते. 'तेथे गेलोच आहोत, तर चार मुलांना शिकवू' हा विचार साहजिक असला तरी धोक्याचा आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर मोबदल्याचे कोणतेही काम करता येत नाही; घरगुती शिकवणीही त्यात आली. पुढच्या भेटीचा व्हिसा त्यामुळे गमावण्याची वेळ येऊ शकते. महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळांत मदत करतानाही ती विनामोबदला आणि नियमांत बसणारी आहे, याची खात्री करून घ्यावी. ब्रिटनमध्ये पर्यटकाला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करण्याची परवानगी आहे; पगार मात्र घेता येत नाही.

अमेरिकेत शिक्षक म्हणून जाण्याचा रीतसर मार्ग आदानप्रदान कार्यक्रमाचा आहे. त्याला वयाची वरची मर्यादा नाही; परंतु अर्जदार अर्ज करताना आपल्या देशात शिक्षक म्हणून कार्यरत असावा आणि त्यास किमान दोन वर्षांचा अनुभव असावा, अशी प्रमुख अट आहे. म्हणजे ५५व्या वर्षी सेवेत असलेली शिक्षिका अर्ज करू शकते. ५८ला निवृत्त होऊन दोन वर्षे घरी बसलेली शिक्षिका त्या अटीत बसत नाही.

मराठी शाळेतील शिक्षकाचे भांडवल

महाराष्ट्रात इंग्रजी विषय पहिलीपासून सुरू झाला तो २०००मध्ये. त्यापूर्वी मराठी माध्यमात तो पाचवीपासून शिकवला जाई. या शाळांतील इंग्रजीचे शिक्षक स्वतःला इंग्रजी माध्यमाच्या शिक्षकांपेक्षा कमी लेखतात. परदेशी भाषाशिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र उलटे आहे. घरी इंग्रजीचा एक शब्दही कानावर न पडणाऱ्या मुलाला 'धिस इज'पासून दहावीच्या निबंधापर्यंत नेणे, हेच तर दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणे. व्हिएतनाम, थायलंड किंवा मालदीवमधील शिक्षकाला नेमके हेच करावे लागते.

हे कौशल्य कागदावर मांडता मात्र आले पाहिजे. अर्जात 'इंग्रजीचा ३० वर्षांचा अनुभव' एवढेच लिहिण्याऐवजी किती पटाच्या वर्गाला, कोणत्या इयत्तांना, कोणत्या साधनांनी शिकवले आणि कोणती शिक्षक-प्रशिक्षणे घेतली, हे लिहावे. केंब्रिजचा 'सेल्टा' हा १२० तासांचा, प्रत्यक्ष वर्गातील अध्यापनाचे निरीक्षण असलेला अभ्यासक्रम जगभर मान्य आहे आणि त्यास वयाची वरची अट नाही. हैदराबादच्या इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठाचे अध्यापन पदविका अभ्यासक्रमही प्रतिष्ठेचे आहेत. याउलट, घरबसल्या काही दिवसांत आणि वर्गात उभे न राहता मिळणारे 'आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र' बी.एड. असलेल्या अनुभवी शिक्षकाच्या अर्जात फारशी भर घालत नाही.

कागदपत्रांचा डोंगर

चाळीस वर्षांपूर्वीच्या पदवीचे मूळ प्रमाणपत्र घरात सापडते का, येथून तयारीला सुरुवात होते. अनेकांनी त्या वेळी दीक्षान्त प्रमाणपत्र आणलेलेच नसते. गुणपत्रिकेवर नोकरी मिळून गेलेली असते. मुंबई विद्यापीठातून ते काढण्यास वेळ लागतो. पदवी नियमित महाविद्यालयातून घेतली की बहिःस्थ पद्धतीने, या मुद्द्यावर संयुक्त अरब अमिरातीत अनेक भारतीय शिक्षकांची अडचण झालेली आहे. म्हणून त्याचा खुलासा करणारे विद्यापीठाचे पत्र जवळ असलेले बरे.

शिक्षिकांपुढे नावाचा वेगळाच प्रश्न असतो. पदवी माहेरच्या नावाने, बी.एड. सासरच्या नावाने, पासपोर्टवर पतीचे नाव मधल्या जागी आणि आधार कार्डावर आणखी एखादे स्पेलिंग, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आढळतो. येथील कारकुनाला तो समजतो, परदेशी अधिकाऱ्याला त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातील नावबदलाची नोंद आणि प्रतिज्ञापत्र यांनी हा गुंता सुटतो; मात्र त्यास काही महिने लागू शकतात.

त्यानंतर प्रमाणपत्रांचे साक्षांकन. आधी राज्य शासनाकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून ते करून घ्यावे लागते. 'अपोस्टिल' पद्धत भारतात जुलै २००५पासून लागू आहे. ओमान, बहारीन आणि सौदी अरेबिया हे देश तीत आहेत. संयुक्त अरब अमिराती, कुवेत आणि कतार यांच्यासाठी त्या-त्या दूतावासाची मोहोरही लागते. पोलिसांकडील वर्तणुकीचा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. कळव्याच्या रहिवाशांना त्यासाठी वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्र जवळचे आहे.

अनुभवाचा दाखला शाळा सोडण्यापूर्वीच घ्यावा. त्यावर विषय, इयत्ता, पूर्ण कालावधी आणि पूर्ण वेळ सेवा असा स्पष्ट उल्लेख असावा. मराठी माध्यमाच्या अनेक शाळा पटाअभावी बंद पडत आहेत. उद्या दाखला देणारी शाळाच उरली नाही, तर तीस वर्षांचा अनुभव सिद्ध करणे कठीण होऊन बसते.

कायद्याचे कवच आणि त्यातील फट

ज्येष्ठ शिक्षकाच्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची बाब येथे आहे. परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्यांचे संरक्षण करणारा कायदा १९८३चा. त्यानुसार आखातातील सहा देश आणि थायलंड, मलेशिया यांसह १८ देशांत कामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगाराला स्थलांतरितांच्या संरक्षकाची परवानगी लागते. तेथे त्याचा करार तपासला जातो आणि १० लाख रुपयांचा प्रवासी विमा सक्तीने उतरवला जातो.

दहावी उत्तीर्ण व्यक्तींना या परवानगीतून सूट आहे. वयाची ५० वर्षे पूर्ण केलेल्यांनाही सूट आहे. म्हणजे निवृत्त शिक्षक दोन्ही कारणांनी या तपासणीच्या बाहेर राहतो. विमानतळावर त्याला कोणी अडवत नाही, ही सोय खरी; पण त्याचा करार कोणी सरकारी अधिकारी आपणहून वाचतही नाही. गवंडीकामाला निघालेल्या मजुराचा करार तपासला जातो आणि सुशिक्षित शिक्षिका एजंटच्या शब्दावर विसंबून विमानात बसते, असे यातून घडू शकते. सूट मिळालेल्यांनीही १८ देशांसाठी नोंदणी करावी, असा निर्णय २०१८च्या अखेरीस सरकारने जाहीर केला होता. तो लगेच स्थगित झाला. 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर स्वेच्छेने नोंदणी करण्याची सोय मात्र आहे आणि तिचा लाभ जरूर घ्यावा.

शिक्षितांनाही लागू असलेला नियम भरती एजंटबाबतचा आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावीच लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी त्याच संकेतस्थळावर पाहता येते. एजंटाने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये अधिक वस्तू व सेवा कर एवढी असून त्याची पावती देणे बंधनकारक आहे. 'जागा राखून ठेवण्यासाठी' लाख-दोन लाख मागणारा, रोख रकमेचा आग्रह धरणारा किंवा पासपोर्ट ठेवून घेणारा एजंट आपली ओळख आपणच पटवून देत असतो. शंका आल्यास वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात स्थलांतरितांच्या संरक्षकाचे कार्यालय आहे. परदेशात पोहोचल्यावर अडचण आली, तर भारतीय दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' संकेतस्थळ उपयोगी पडते.

करारात काय पाहावे?

शिक्षकाचा करार हाती आल्यावर पुढील बाबी लेखी आहेत का, ते पाहावे :

- पगार कोणत्या चलनात, किती तारखेला आणि उन्हाळी सुटीत मिळणार का
- आठवड्याचे तास किती. बदली तास आणि सायंकाळचे वर्ग त्यात धरले आहेत का
- निवास स्वतंत्र की अन्य शिक्षकांसोबत. वीज-पाण्याचे बिल कोणाकडे
- वैद्यकीय विमा कोणत्या वयापर्यंत आणि जुन्या आजारांसह आहे का
- कराराचे नूतनीकरण कोणत्या वयापर्यंत होते
- मुदतीपूर्वी नोकरी सुटल्यास परतीचे तिकीट आणि दंड कोणाच्या माथी
- पती किंवा पत्नीला सोबत नेण्याचा व्हिसा मिळणार का

यातील वैद्यकीय विम्याचा मुद्दा साठीच्या उमेदवाराने सर्वांत आधी विचारावा. आखाती देशांसाठी नेमून दिलेल्या केंद्रातच तपासणी करावी लागते. तीत क्षयरोग, कावीळ, एचआयव्ही यांच्या चाचण्या असतात. छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण दिसला, तरी उमेदवार अपात्र ठरू शकतो. म्हणून राजीनामा देण्यापूर्वी किंवा घर भाड्याने देण्यापूर्वी स्वतःच्या खर्चाने एक एक्स-रे काढून घेणे शहाणपणाचे. येथील आरोग्य विम्याची पॉलिसीही बंद पडू देऊ नये. परतल्यावर या वयात नवी पॉलिसी घेणे सोपे नसते.

निवृत्तिवेतन घेणाऱ्याने नोव्हेंबरमधील हयातीच्या दाखल्याची व्यवस्था आधीच लावावी. परदेशातील भारतीय दूतावासातून तो घेता येतो. नोकरीसाठी देश सोडणारी व्यक्ती त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून कमी काळ भारतात राहिली, तर प्राप्तिकराच्या दृष्टीने अनिवासी ठरते. भारतातील निवृत्तिवेतनावरील कर त्यामुळे टळत नाही. बँकेचे बचत खातेही अनिवासी प्रकारात बदलून घ्यावे लागते.

घरच्या घरी परदेशी वर्ग

परदेशी न जाता तेथील विद्यार्थ्यांना इंटरनेटवरून शिकवण्याचा मार्ग अनेकांना जवळचा वाटतो. व्हिसा नाही, वयाची अट नाही, घर सोडणे नाही. मात्र या क्षेत्राचेही चढउतार मोठे आहेत. चीनने जुलै २०२१मध्ये शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले आणि देशाबाहेरील शिक्षकांकडून मुलांना शिकवून घेण्यास मनाई केली. तेव्हा अनेक देशांतील शिक्षकांचे उत्पन्न एका फटक्यात थांबले. आखातातील किंवा अमेरिकेतील भारतीय कुटुंबांच्या मुलांना थेट शिकवणी देणे हा त्या मानाने स्थिर मार्ग आहे. त्या उत्पन्नावर येथे कर भरावा लागतो.

कोणत्याही वाटेने जायचे ठरवले, तरी हिशेब वयाच्या आकड्याने सुरू करावा लागतो. ५२ ते ५५ या वयात पदवीची प्रमाणपत्रे, नावातील दुरुस्ती, पासपोर्ट आणि एखादा खरा अध्यापन अभ्यासक्रम पूर्ण झालेला असेल, तर भारतीय शाळा, कोरियाची खिडकी, अमेरिकेचा आदानप्रदान कार्यक्रम अशी निदान तीन दारे ठोठावता येतात. ५८व्या वर्षी हीच तयारी सुरू केली, तर कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत साठी जवळ आलेली असते आणि त्यातील बहुतेक दारे लागलेली असतात. निरोप समारंभाची तारीख शिक्षकाला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. परदेशी वर्गावर उभे राहायचे असेल, तर तयारीची तारीखही त्याच तारखेवरून मागे मोजून ठरवावी लागेल.